माफीपत्र, बाराच्या आत

पहिला कागद

ओक-रान : हळू सांग गं. शिंपिणीचा हात आहे माझा, आकडे लिहायची सवय. "काल संध्याकाळी सात वाजता." पुढे?

हानसॉल : "काल संध्याकाळी सात वाजता मी एक याकग्वा खाल्ला."

ओक-रान : "वडिलांच्या वर्षश्राद्धाला" असं घालू का आधी?

हानसॉल : नको.

ओक-रान : पण तेच तर झालं ना. सगळ्यांसमोर, बाबांपुढच्या नैवेद्यातलं तळलेलं गोड—

हानसॉल : आई, ते कारण झालं. माफीपत्रात कारण चालत नाही. काय खाल्लं, कधी, किती. बस.

मल-जा : कसलं माफीपत्र? ओक-रान, हा मुळ्याच्या भाजीचा डबा मी नेऊ का ठेवू?

ओक-रान : न्या वन्सं, सगळं न्या. तुमची बस कितीची?

मल-जा : एकची. आन्दोंगला पोचंस्तवर भाज्या आंबल्या न्हाईत म्हंजे मिळवलं. पोरी, माफी कुणाची मागतीस? आणि तुझं पत्र आई का लिहितीया?

हानसॉल : उजव्या हाताला प्लास्टर आहे आत्या, दिसत नाही का? आणि माफी आमच्या कोचबाईंची. फोनवर गट आहे आमचा. एक्केचाळीस जणी, शंभर दिवस. तोंडात जाईल त्या प्रत्येक घासाचा फोटो टाकायचा. गोड खाल्लं की तीनशे बेडूकउड्या आणि हातानं लिहिलेलं माफीपत्र, दुसऱ्या दिवशी बाराच्या आत. नाहीतर गटातून बाहेर.

मल-जा : आणि ते प्लास्टर?

ओक-रान : बेडूकउड्यांचंच. पहाटे पाचला जिन्यात मारत होती. घरात मारल्या तर खालची बाई भांडायला वर येते. दोनशे साठाव्या उडीला पाय घसरला, पडली मनगटावर.

हानसॉल : दोनशे एकाहत्तराव्या.

मल-जा : म्हंजे एकोणतीस राहिल्या.

हानसॉल : त्या नंतर मारल्या.

मल-जा : मोडक्या हातानं?

हानसॉल : मोडलेला नाही आत्या. चीर गेलीये फक्त.

मल-जा : माझ्या एका याकग्वापायी! तीन दिवस कढईपुढं उभी व्हते मी. पीठ मळलं, फुलं पाडली, आल्याच्या मधात रातभर बुडवून ठेवली. आणि ही त्याची माफी मागतीया एका परक्या बाईकडं.

हानसॉल : तुमच्या पदार्थाची नाही मागत. माझ्या तोंडाची मागतेय.

ओक-रान : अकराला दहा कमी आहेत. पुढे सांग.

हानसॉल : "एक नग. अंदाजे एकशे सत्तर उष्मांक. मी मनापासून दिलगीर आहे. माझ्यामुळे गटातल्या चाळीस जणींच्या मेहनतीला गालबोट लागलं. पुन्हा असं होणार नाही." खाली नाव आणि तारीख.

मल-जा : चाळीस जणींचं काय बिघडलं? त्यांच्या पोटात गेला व्हय?

हानसॉल : फोटो घे आई. वरून घे. तुझ्या डोक्याची सावली पडतेय. हं. आता तो बाण दाब.

ओक-रान : गेलं?

हानसॉल : गेलं.

मल-जा : अक्षर तर आईचं हाय.

हानसॉल : हातानं लिहिलेलं हवं, एवढाच नियम आहे. कुणाच्या हातानं, ते नियमात नाही.

मल-जा : वकील व्हायला पायजे व्हतीस तू.

ओक-रान : वाजला बघ फोन. आवाज पाठवलाय त्यांनी. लावू?

फोन : नमस्कार हानसॉलताई! पत्र मिळालं, खूप खूप धन्यवाद. अक्षर किती छान आहे तुमचं! फक्त ना, मला त्यात तुम्ही कुठे दिसला नाहीत. दुकानाच्या पावतीसारखं झालंय ते. का खाल्लं? भूक होती? सवय होती? की कुणी आग्रह केला आणि नाही म्हणता आलं नाही? मुळाशी जा. रडू आलं तर रडा, रडण्यात उष्मांक नसतात. बारापर्यंत थांबते हं. आज त्र्याण्णवावा दिवस! शाब्बास!

मल-जा : बोलणं केवढं मधाळ गं बाईचं. हिच्यात किती उष्मांक असतील?


दुसरा कागद

हानसॉल : लिही. "मला भूक नव्हती."

मल-जा : खोटं. काल दिवसभरात काय खाल्लंस?

हानसॉल : दोन अंडी, कोबी, मुठीएवढं रताळं.

मल-जा : मग भूक नव्हती कशी?

हानसॉल : भूक असतेच आत्या. रोजची आहे. तिच्यामुळे खाल्ला नाही, एवढंच म्हणतेय मी. आई, पुढे लिही. "सवयही नव्हती. त्र्याण्णव दिवसांत हा पहिला गोड पदार्थ."

ओक-रान : "...गोड पदार्थ." मग राहिला आग्रह.

हानसॉल : हो.

ओक-रान : म्हणजे मी.

हानसॉल : मी नाव घेतलेलं नाही.

ओक-रान : घे की. खोटं काय त्यात? सगळ्यांदेखत नैवेद्यातला उचलून तुझ्या हातात ठेवला मी. तू थोरली लेक, वर्ष पहिलं. श्राद्धाचा घास नको म्हणायचा नसतो. काका बघत होते तुझे.

हानसॉल : सफरचंदं होती. बोरं होती. सुकी मासळी होती. अख्ख्या टेबलावरून तुला याकग्वाच सापडला. बरं, मी अर्धा खाल्ला आणि बशीत ठेवला, तेव्हा तू काय म्हणालीस?

ओक-रान : "संपव" म्हणाले.

हानसॉल : तू म्हणालीस! जन्मात पहिल्यांदा.

मल-जा : जन्मात पहिल्यांदा म्हंजे? आई म्हणतीच की, संपव.

हानसॉल : तुमच्याकडे म्हणत असतील. मी नऊ वर्षांची होते आत्या. दर महिन्याच्या एक तारखेला, दुकानातलं गिऱ्हाईक गेलं की ही मला उभं करायची. हात वर. टेप लावायची. छाती, कंबर, मांडी. आणि आकडे दाराच्या मागे खडूनं.

ओक-रान : वाढतं वय होतं तुझं. कपडे शिवायचे होते.

हानसॉल : कुठले कपडे शिवलेस? सांग ना. एक फ्रॉक सांग.

मल-जा : जाऊ दे गं. माझं तर नावच ठेवलं मल-जा, म्हंजे शेवटची पोरगी. हिच्यामागं पोरगाच व्हावा, हौस. झाला, तुझा बा झाला. पन ताटावर मला कुनी मोजली न्हाई.

हानसॉल : मला मोजली. अकरा वर्षांची होते, आपण या घरात राहायला आलो तेव्हा. शेजाऱ्यांना वाटायला भाताच्या वड्या आणल्या होत्या. त्यातला एक डबा मी जिन्यात बसून खाल्ला. तेव्हा पहिलं माफीपत्र लिहिलं मी. कोचबाई तेव्हा कुठे होत्या?

ओक-रान : शाळेत सगळीच मुलं लिहितात माफीपत्रं. त्यात काय एवढं? आणि तू सुंदर लिहायचीस. निबंधाला बक्षीस होतं तुला.

हानसॉल : "मी खादाड आहे, हे मला कळलं आहे." हे वाक्य निबंधातलं नव्हतं. तू सांगितलेलं होतं.

ओक-रान : मला नाही आठवत.

हानसॉल : मला तोंडपाठ आहे.

मल-जा : ओक-रान, खरंच असं लिहून घेतलंस पोरीकडनं?

ओक-रान : जाड पोरीचं जगात काय होतं ते मी रोज बघत होते, वन्सं. पोशाख सैल करून घ्यायला आलेल्या बाया आरशासमोर उभ्या राहून रडायच्या माझ्या दुकानात. मला वाटलं, हिच्यावर ती वेळ नको.

हानसॉल : म्हणून आधीच आणलीस. आणि बाबांच्या साठीचा फोटो. "हानसॉल, तू काकांच्या मागे उभी राहा." काल श्राद्धाला तोच फोटो भिंतीवर होता. माझं नुसतं कपाळ दिसतं त्यात. तेहतीस वर्षांची झालेय मी, या घरात माझा एक धड फोटो नाही. म्हणून हे शंभर दिवस, आत्या. शंभराव्या दिवशी स्टुडिओत फोटो आहे. एकटीचा. सगळ्यात पुढे मीच. तो दिवस गटानं ठरवून घेतलाय. गटातून काढलं की तोही गेला.

मल-जा : आणि प्लास्टर?

हानसॉल : हात पाठीमागे धरेन.

मल-जा : म्हंजे परत काहीतरी पाठीमागंच.


तिसरा कागद

हानसॉल : काय लिहितेस? मी तर काहीच सांगितलं नाही.

ओक-रान : आग्रहाचं लिहितेय.

हानसॉल : नवा कागद का घेतलास? वाच.

ओक-रान : लिहू दे आधी.

हानसॉल : वाच, आई.

ओक-रान : "मी हानसॉलची आई. याकग्वा मी दिला. संपव असं मी म्हटलं. तिच्याकडे दोष नाही."

हानसॉल : फाड तो. माफी माझ्याकडून हवीये त्यांना, तुझ्याकडून नाही.

ओक-रान : "गेल्या वर्षी दवाखान्यात तिच्या वडिलांनी माझ्याकडे एक याकग्वा मागितला होता. मी दिला नाही."

मल-जा : ओक-रान.

ओक-रान : एवढंच लिहून झालंय.

हानसॉल : साखर किती होती त्यांची? मूत्रपिंडं गेली होती. कोण देईल अशा माणसाला? तू तुझं काम केलंस.

ओक-रान : डॉक्टर म्हणाले होते, आता मागतील ते द्या.

हानसॉल : कधी म्हणाले?

ओक-रान : मंगळवारी.

हानसॉल : बाबा शुक्रवारी गेले.

ओक-रान : हो.

हानसॉल : बुधवारी मी आले होते. मी विचारलं तुला, डॉक्टर काय म्हणाले? तू म्हणालीस, पथ्य चालू ठेवायला सांगितलंय.

ओक-रान : हो.

हानसॉल : मी दिला असता. खालच्या दुकानातून आणून दिला असता.

ओक-रान : म्हणूनच नाही सांगितलं. द्यायचा म्हणजे... म्हणजे मी मान्य केलं, असं झालं असतं. वही होती माझ्याकडे. सकाळची साखर, दुपारची साखर, लघवी किती झाली. मला वाटायचं, वही चालू आहे तोवर हे चालू आहेत. मी त्यांना म्हणाले, घरी गेल्यावर देईन. ते हसले. नुसते हसले, वाद घातला नाही.

मल-जा : मला बी फोन केला व्हता त्यानं. बुधवारीच. म्हनला, अक्का, चार तळून आन, हिला सांगू नको. मी तळले. डबा भरला. आणि मग माझीच हिंमत झाली न्हाई, ओक-रानला विचारलं. ही म्हनली, नका आणू. मी शेजारच्या पोरांना वाटून टाकले.

हानसॉल : तुम्हीसुद्धा.

मल-जा : मी बी.

हानसॉल : आणि काल केवढी रास रचली दोघींनी मिळून! हात पोचत नव्हता वरच्या थराला. जिवंत माणसाला एक नाही, आणि फोटोपुढे डोंगर.

मल-जा : पोरी, जीभ आवर.

ओक-रान : बोलू द्या तिला.

हानसॉल : फोटोतला माणूस काही खाईना, म्हणून मग मी. त्यांचा घास माझ्या तोंडात. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. आणि मला काय वाटलं माहितीये? तू "संपव" म्हणालीस ना, तेव्हा क्षणभर वाटलं, आईला मी आहे तशी चालतेय आता. तसं नव्हतं ते.

ओक-रान : नाही. तेव्हा तू नव्हतीसच माझ्या डोळ्यांसमोर. खोटं कशाला बोलू.

फोन : हानसॉलताई, पंचवीस मिनिटं राहिली हं! सगळ्या जणी तुमच्यासाठी थांबल्यात!

मल-जा : बंद कर गं ते.

हानसॉल : नको. आई, हा कागद ठेव बाजूला. दुसरा पूर्ण कर. शेवटी लिही, "मी खादाड आहे, हे मला कळलं आहे." तसलं आवडतं त्यांना.

ओक-रान : ते मी लिहिणार नाही.

हानसॉल : सांगताना तर जीभ अडखळली नव्हती.

ओक-रान : नव्हती. पण लिहिणार नाही.

हानसॉल : माझे त्र्याण्णव दिवस आहेत, आई. तुझा आज जीव हलका करायचा दिवस आहे म्हणून माझे नाही मी फुकट घालवणार. पेन दे इकडे.


चौथा कागद

मल-जा : डाव्या हातानं काय जमनार तुला?

हानसॉल : कागद धरा कुणीतरी. सरकतोय.

ओक-रान : धरलाय.

हानसॉल : घट्ट धर.

मल-जा : काय लिहितीया? माझा चष्मा पिशवीत गेला.

ओक-रान : "काल"... हे काय आहे? "काल वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी एक याकग्वा खाल्ला. आत्यानं केला होता."

मल-जा : माझं नाव कशाला त्यात?

ओक-रान : "चांगला झाला होता." आणि पुढे?

हानसॉल : पुढे काही नाही.

ओक-रान : खादाड वगैरे लिहिणार होतीस ना?

हानसॉल : लिहायला बसले. डाव्या हातानं एकेक अक्षर काढायला इतका वेळ लागतो, की खोटं लिहायचा कंटाळा येतो.

ओक-रान : आणि माफी?

हानसॉल : कुणाची?

ओक-रान : हानसॉल, आठ मिनिटं आहेत. फोटो जाईल गं तुझा. एक ओळ टाक. "दिलगीर आहे," एवढंच. हवं तर मी लिहिते.

हानसॉल : आता तू सांगतेस?

ओक-रान : तुला तो फोटो हवाय म्हणून सांगतेय.

हानसॉल : हवाय. आत्ताही हवाय. पण खाली ती ओळ घातली, तर वरची तिसरी ओळ खोटी होईल. चांगला झाला होता गं तो. मधाचा वास आला आणि मला बाबांच्या शर्टाचा खिसा आठवला. याकग्वा खिशात ठेवायचे ते, कापड तेलकट व्हायचं, तू ओरडायचीस. एवढं सगळं एका घासात होतं, आणि त्याच्यावर मी जिन्यात जाऊन उड्या मारल्या.

मल-जा : पाठव मग.

हानसॉल : मीच दाबते बाण.

ओक-रान : थांब जरा—

हानसॉल : गेलं.

मल-जा : काय म्हनतीया ती?

हानसॉल : वाचलंय. लिहितायत. नाही, थांबल्या. आवाज पाठवलाय.

फोन : हानसॉलताई. पत्र वाचलं. खरं सांगू, वाईट वाटलं. हे माफीपत्र नाहीये. वडिलांबद्दल ऐकून दुःख झालं, देव त्यांना शांती देवो. पण सासूबाईंच्या साठीला केक न खाता उठून आलेल्या मुली आहेत आपल्या गटात. त्यांच्यासमोर मी हे कसं ठेवू? नियम सगळ्यांना सारखा. पुढची तुकडी मार्चमध्ये सुरू होतेय, नक्की या. तोवर स्वतःवर प्रेम करा हं!

ओक-रान : यादीत तुझं नाव दिसत नाहीये.

हानसॉल : काढलं.

ओक-रान : इथे चाळीस दाखवतंय.

हानसॉल : हो आई, काढलं म्हटलं ना.

मल-जा : बरं झालं म्हनू का नको?

हानसॉल : नका म्हणू, आत्या. रोज पहाटे उठत होते मी. पहिल्यांदा काहीतरी शेवटाला जाणार होतं माझ्या हातून.

मल-जा : न्हाई म्हनत. हे सहा याकग्वा राहिलेत. बांधून नेऊ?

हानसॉल : ठेवा.

मल-जा : ठेवू? नक्की?

हानसॉल : एक द्या इकडे.

ओक-रान : फोन कशाला उचललास मग?

हानसॉल : फोटो काढायला. हात आपोआप गेला. घे, ठेव तिकडे पालथा.

मल-जा : कसा लागतोय?

हानसॉल : चवच कळत नाहीये. डोकं आकडे मोजतंय आत्या. एकशे सत्तर, एकशे सत्तर.

मल-जा : डोक्याला मोजू दे. तू चाव.

हानसॉल : कधी थांबेल हे?

मल-जा : मला काय ठावं? मी काय डाक्तर हाय? दुसरा घास घे. लहान घे. घाई कुनाला हाय? हां, मला हाय, माझी बस जाईल. ओक-रान, पुढच्या वर्षी रास कमी कर. तळून तळून खांदे गेले माझे. येते गं.

(दार लागतं.)

हानसॉल : तू घे एक.

ओक-रान : मला नको.

हानसॉल : वर्षभर बघतेय मी. चहात साखर नाही, भाताची वडी नाही, माझ्या वाढदिवसाला केक कापून दिलास आणि सुरी धुऊन टाकलीस. मला वाटायचं, वजनासाठी करतेस.

ओक-रान : मलाही आधी तसंच वाटायचं.

हानसॉल : अजून राग आहे मला तुझा. त्यावर जाऊ नकोस. घे.

ओक-रान : अर्धा घेते.

हानसॉल : घे.

ओक-रान : ...वन्संच्या हाताला चव आहे.

हानसॉल : आहे.

ओक-रान : आलं जास्त घालतात थोडं.

हानसॉल : बाबांना तसंच आवडायचं.

ओक-रान : हो.

हानसॉल : संपला की अर्धा.

ओक-रान : हानसॉल.

हानसॉल : काय?

ओक-रान : राहिलेला अर्धा पण खाऊ का?

हानसॉल : मला काय विचारतेस?

ओक-रान : मग कुणाला विचारू?